नोंद कुणाच्या नावाने?

कारखानदार : संगणकाला नाही म्हणणाऱ्यांतला मी नव्हे, एवढं आधी मान्य कर. गाळ्यात टॅली येऊन जमाना झाला, पगार संगणकावर निघतो, ड्रॉइंग मेलवर येतात. माझा प्रश्न निराळा आहे. ज्याला तू सिस्टीम म्हणतेस ती माझ्या कारखान्यात राबते कुणासाठी? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तो सरकारसाठी. २०१८ मध्ये ई-वे बिल आलं. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर काढायचा तर टेम्पो हलण्याआधी पोर्टलवर नंबर काढा. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस आलं. म्हणजे आता माझं बिल मी फाडलं म्हणून बिल होत नाही, सरकारी पोर्टलने त्याला क्रमांक दिला की होतं. त्यावर मोठ्या ग्राहकाचं व्हेंडर पोर्टल. पीओ नंबर, लाइन आयटम, एचएसएन, गाडीचा नंबर, टेस्ट सर्टिफिकेट, सगळं माझ्या माणसाने भरायचं. पूर्वी हे काम त्यांच्या स्टोअरमधला कारकून करायचा आणि पगार ते द्यायचे. आता तेच काम माझ्या ऑफिसात होतं आणि पगार मी देतो. एवढं करून त्यांच्याकडे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडला नाही की पैसे अडकले. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘सर, सिस्टीममध्ये दिसत नाहीये.’ माल त्याच्याच गोडाऊनमध्ये पडलाय, मी फोटो पाठवलाय, पण दिसत नाहीये. पूर्वी निदान पर्चेसच्या साहेबासमोर जाऊन बसता यायचं.

सल्लागार : काका, त्या साहेबासमोर बसायला काय काय लागायचं तेही सांगा की. दिवाळीचा डबा कोणाकडे किती वजनाचा जायचा, ते तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. तुमचं एक म्हणणं खरं आहे, कागदाचं ओझं खालच्या बाजूला सरकलं. बलवान ग्राहक आपलं काम पुरवठादारावर ढकलतो, तसं त्याने माहिती भरायचं कामही ढकललं. पण हा बळाचा प्रश्न झाला, संगणक नसता तरी तो राहिलाच असता. उलट बळ थोडं तुमच्याकडेही आलं, ते तुम्ही मोजत नाही. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत हे २००६ च्या कायद्यात आहे. तेव्हा त्याला कोण विचारत होतं? २०२३-२४ च्या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचा नियम आला : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्या मार्चमध्ये तुमची जुनी थकबाकी धडाधड आली, आठवतं? ४५ दिवसांचा कायदा तोच होता. बिलाची तारीख, माल स्वीकारल्याची तारीख आणि तुमची उद्यम नोंदणी या तीन गोष्टी नोंदींत आल्यामुळे ऑडिटरला त्या जुळवता आल्या, म्हणून कायद्याला दात फुटले.

कारखानदार : आली थकबाकी, नाही कशाला म्हणू? पण त्याच मार्चमध्ये एका ग्राहकाने हळूच विचारलंही, ‘उद्यम नोंदणी ठेवायलाच हवी का तुम्हाला?’ जी नोंद मला वाचवते तीच मला महाग करते. आणि दुसरी बाजू बघ. मला माल देणाऱ्याने आपलं रिटर्न भरलं नाही तर तो माझ्या जीएसटीच्या टू-बी तक्त्यात दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून २०२२ पासून मला त्या कराची वजावट नाही. मी बिलाचे पैसे दिले, कर दिला, माल आला, वापरला, विकलासुद्धा. चूक त्याची, दंड मला. पूर्वी फसवणारा आणि फसणारा असे दोघे असायचे. आता ज्याची नोंद दिसते तो खरा आणि ज्याची दिसत नाही तो खोटा.

सल्लागार : म्हणून मी म्हणते की सरकारसाठी आणि ग्राहकासाठी भरलेली माहिती तिथेच सोडून देऊ नका. ती तुमची आहे, तुम्ही कष्टाने भरलेली आहे. तिचा तुम्ही एकदाही उपयोग केला नाहीत ही माझी तक्रार. तुम्ही व्हॉल्व्हचे पार्ट करता. कास्टिंग येतं, मशीनवर चढतं, प्लेटिंगला अंबरनाथला जातं, परत येतं, तपासलं जातं, निघतं. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे असं कायदा म्हणतो, म्हणून तुमच्याकडे प्रत्येक चलान आहे. मग चलान बघून सांगा, प्लेटिंगला माल सरासरी किती दिवस पडून राहतो? माहीत नाही. तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक कोण? ते लगेच सांगाल. सगळ्यात जास्त पैसे मिळवून देणारा कोण? तिथे तुम्ही गप्प. कारण त्याचा परत आलेला माल, दुसऱ्यांदा केलेलं मशिनिंग, जास्तीची टेम्पोफेरी, उशिरा आलेल्या पैशावर तुम्ही बँकेला भरलेलं व्याज, यांतलं काहीही त्याच्या नावावर लिहिलेलं नाही. सगळं ‘कारखाना खर्च’ या एका डोहात. तो डोह उपसला तर मोठा ग्राहक तोट्यात निघेल, असं मला वाटतं.

कारखानदार : निघेलच. त्यासाठी तुझं सॉफ्टवेअर कशाला हवं? मला माहीत आहे.

सल्लागार : माहीत आहे तर काम का करता त्याचं?

कारखानदार : कारण त्याच्या ऑर्डरवर माझी मशिनं फिरती राहतात. मशीन थांबलं तर ऑपरेटर बसून राहतो, महिनाभर बसला की दुसरीकडे जातो, आणि तो गेला की छोटे, चांगले पैसे देणारे ग्राहकही माझ्या हातून जातात. शिवाय त्याचा व्हेंडर कोड आहे म्हणून बाकीचे मला उभं करतात. हा हिशेब मी करतो, रोज करतो, फक्त तुझ्या तक्त्यात तो बसत नाही. मला भीती तुमच्या तक्त्यांची नाही, तक्ता समोर आल्यावर माणसाला जो धीर चढतो त्याची आहे. उद्या माझा मुलगा बसेल. तो म्हणेल, लाल आकडा आहे, बंद करा. कारण लाल आकडा दिसतो आणि टिकून राहिलेला ऑपरेटर कुठेच दिसत नाही.

सल्लागार : हे तुम्ही चांगलं बोललात. पण मग ते मुलाला कोण सांगणार? तुम्ही आहात तोवर तुम्ही. ठाण्याचं वागळे इस्टेट घ्या. एमआयडीसी १९६२ ची, आणि तिची पहिली वसाहत ती. तिथले किती कारखाने गेले आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या. जमिनीचे भाव, कामगारांचे प्रश्न, जकात, कारणं पुष्कळ होती, मी सगळं एका कारणात कोंबत नाही. पण किती मालकांच्या डोक्यातला हिशेब त्यांच्याबरोबर गेला असेल? ज्याला तुम्ही अनुभव म्हणता तो पुढच्याला देता येत नसेल तर धंदा एका पिढीचाच. आणि यंत्राची भीती डोंबिवलीच्या माणसाने तरी मला शिकवू नये. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँका यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला तेव्हा किती यंत्रं, कुठल्या कामाला, यावर मर्यादा घातल्या होत्या. त्या संघटनांचे सभासद सकाळच्या फास्ट लोकलला इथूनच चढत होते. मशीन आलं की आमची मुलं काय खातील, असं विचारायचे. त्यांचीच मुलं पुढे सॉफ्टवेअरवर पोसली गेली. डोंबिवली नागरी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची. दोन्ही इथल्या मध्यमवर्गाच्या पैशावर उभ्या राहिल्या. आज कुठल्याही शाखेत गेलं तरी खातं समोर उघडतं. खातेवहीच्या काळात एवढा पसारा सांभाळता आला असता?

कारखानदार : बँकेचंच उदाहरण काढलंस ते बरं केलंस. पीएमसी बँक, सप्टेंबर २०१९. आपल्या ओळखीत किती जणांचे पैसे अडकले होते? संगणक होते, कोअर बँकिंग होतं, ऑडिटर होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होती. आणि एका बिल्डर समूहाची थकलेली कर्जं २१,०४९ बनावट खात्यांच्या आड लपवली होती, असं तपासात पुढे आलं. एकवीस हजार! हाताने खतावणी लिहायची असती तर एवढी खोटी खाती लिहिता लिहिता कारकुनांची बोटं झिजली असती, कुणीतरी चहाच्या टपरीवर बोललं असतं. यंत्राने खोटं बोलणं सोपं केलं असं मी म्हणत नाही. घाऊक केलं, असं म्हणतो.

सल्लागार : आणि खरं शोधणंही घाऊक केलं, ते का सोडता?

कारखानदार : थांब, माझं अजून संपलं नाही. आपल्याच गावचं सांगतो. महापालिकेची नागरी सुविधा केंद्रं या शतकाच्या सुरुवातीला निघाली. कल्याण-डोंबिवलीची ती पद्धत इतकी चांगली ठरली की राज्याने इतर पालिकांना हाच नमुना दिला. आपल्याला अभिमान होता. त्याच महापालिकेच्या हद्दीत २०२२ मध्ये काय निघालं? ६५ इमारती. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट. त्या बनावट कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांक मिळाला. लोकांनी महारेराचा नंबर बघितला, बँकांनी कर्ज दिलं, घरं विकली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्यांच्यावर रस्त्यावर यायची वेळ. आता सांग, यात कुठली सिस्टीम बिघडली होती? एकही नाही. महापालिकेची तिच्या जागी चालू होती, महारेराची तिच्या जागी. बिल्डरने पीडीएफ चढवली, सिस्टीमने ती घेतली, क्रमांक दिला. परवानगीवर सही ज्या अधिकाऱ्याच्या नावाची होती त्याला कुणी विचारलंच नाही की ही तुमची का. पूर्वी माणूस महापालिकेत जाऊन खिडकीवर विचारून यायचा. क्रमांक आला आणि विचारायचं थांबलं. गृहबांधणी हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा धंदा आहे बाई, आणि त्यातली सगळ्यात भरवशाची माहितीच खोटी निघाली.

सल्लागार : ते पकडलं कसं गेलं, तेही सांगा. डोंबिवलीतल्याच एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात महापालिकेकडून कागद मिळवले आणि महारेराच्या संकेतस्थळावर टाकलेल्या परवानग्यांशी ताडून पाहिले. महारेरा २०१७ ला आलं. त्याआधी बनावट परवानगीवर इमारती उभ्या राहत नव्हत्या असं तुमचं म्हणणं असेल तर मी हसेन. तेव्हा तो कागद बिल्डरच्या कपाटात असायचा, गिऱ्हाइकाला झेरॉक्स दाखवली जायची. ६५ हा आकडा कुणाला काढता आला असता? उघड्या नोंदवहीत खोटं लिहिलं म्हणून ते घरी बसलेल्या एका नागरिकाला सापडलं. त्यानंतर स्थानिक प्राधिकरणाकडून खातरजमा झाल्याशिवाय क्रमांक द्यायचा नाही, असं महारेराने ठरवलं. उशीर झाला, फार उशीर झाला. पण दोन सिस्टीम एकमेकींशी बोलत नव्हत्या हा दोष आहे, आणि त्याला औषध म्हणजे त्या बोलत्या करणं. खिडकीवर परत रांग लावणं नव्हे.

(लिहिणाऱ्याचा कल इथवर सल्लागाराकडे होता, हे सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर तो तितका सरळ राहिला नाही.)

कारखानदार : बोलत्या करा, जरूर करा. पण माझ्या गाळ्यात येऊन बघ त्या काय बोलतील. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो, फाउंड्रीने पंच केलेला. तो सांगतो की हा तुकडा कुठल्या वितळणीतला, त्याचं मटेरियल काय. मशिनिंग करताना तो भाग कापला जातो. मग तोच नंबर दुसऱ्या जागी परत पंच करायचा. हे काम रात्रपाळीचा पोरगा हातोडी घेऊन करतो. ट्रेमध्ये दोन हीटचे तुकडे मिसळले आणि त्याने उरकून टाकायचं म्हणून सगळ्यांवर एकच नंबर मारला, तर पुढे काय होतं? सर्टिफिकेट बरोबर, बारकोड बरोबर, ग्राहकाचं पोर्टल हिरवं, आणि व्हॉल्व्ह चुकीचा. आता जितक्या सिस्टीम एकमेकींशी जोडशील तितक्या ठिकाणी ती चूक खरी म्हणून पोचेल. खालच्या हातोडीचं काय करायचं ते सांग.

सल्लागार : तो व्हॉल्व्ह रसायनांच्या कारखान्यातही बसू शकतो, तेही बोलू. आपल्या डोंबिवली एमआयडीसीने मे २०१६ मध्ये एक स्फोट पाहिला आणि मे २०२४ मध्ये दुसरा. त्यांची कारणं चौकशीची, मी त्यावर काही म्हणत नाही. पण २०२४ ला खिडक्या फुटल्या तेव्हा तुम्हाला, मला, समोरच्या गाळ्यातल्या कुणाला ठाऊक होतं का, की आपल्या भिंतीपलीकडे कोणतं रसायन किती साठवलंय? धंद्याची माहिती ही मालकाची खाजगी मिळकत नाही. शेजाऱ्याचाही तिच्यावर हक्क आहे. म्हणून हातोडीवाल्याची चूक हे नोंद न करण्याचं कारण होऊच शकत नाही, ते नोंद आणखी खाली नेण्याचं कारण आहे. त्या पोराच्या हातात टॅब द्या. ट्रे उचलला की स्कॅन, पंच मारला की फोटो, त्याच्या नावाने, त्या वेळेची नोंद. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं सक्तीचं झालंय, आणि तो माग बंद करता येत नाही. कुणी, कधी, काय बदललं ते राहतं. तुम्ही मघापासून जे मागताय तेच हे. नोंदीमागे माणूस हवा, तो इथे आहे.

कारखानदार : तुझ्या त्या मागात कुणाचं नाव आहे माहितीय? माझं. ऑफिसात टॅली वापरतात तीन जण, पासवर्ड एक. एकीने व्हाउचर टाकलं, दुसऱ्याने सुधारलं, माग म्हणतो मालकाने टाकलं, मालकानेच सुधारलं. माझ्या डिजिटल सहीचा डोंगल कुठे असतो? सीएच्या ऑफिसात, त्याच्या आर्टिकल क्लार्कच्या खणात. वीस तारीख आली की तो पोरगा दहा जणांचे डोंगल ओळीने लावतो. मी डोंबिवलीत भाजी घेत असतो तेव्हा तिकडे माझी सही होते. आणि हे माझ्या एकट्याकडे नाही. आपल्या पट्ट्यातल्या लहान धंद्यात फिरून ये. ऑर्डर खरी तर व्हॉट्सॲपवर ठरते. पोर्टलवर नंतर तिचे कपडे चढवले जातात.

सल्लागार : हा आळस आहे, काका. चार लॉगिन घ्यायला किती पैसे लागतात?

कारखानदार : पैशाचा प्रश्न असता तर कधीच घेतले असते. गेल्या वर्षी सुपरवायझरला म्हटलं, तुझ्या नावाने लॉगिन काढतो, रिजेक्शन तू टाकायचं. तो हात जोडून म्हणाला, शेठ, ते नको. का? तर म्हणे, उद्या ग्राहकाकडून माल परत आला की स्क्रीनवर माझं नाव निघणार. रेट तुम्ही कमी घेता, मटेरियल उशिरा येतं, रात्री दोन मशिनं एकट्याने बघायची, आणि नाव मात्र माझं. चूक काय बोलला? जुन्या पेढ्यांतला मुनीम स्वतःच्या अक्षरात कीर्द लिहायचा, अक्षरावरून माणूस कळायचा, आणि तो जबाबदारी घ्यायचा. कारण पेढी त्याला मरेपर्यंत सांभाळायची, त्याच्या मुलीच्या लग्नाला उभी राहायची. माझा हातोडीवाला कंत्राटदाराचा आहे. अकरा महिने झाले की त्याचा कागद बदलतो. तू त्याची नोंद कायमची करायला निघालीस, आणि तो स्वतः कायम नाही.

सल्लागार : मग त्याला कायम करा.

कारखानदार : बोलायला सोपं आहे.

सल्लागार : सोपं नाही, पण हिशेबात मांडता येण्यासारखं आहे. त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी, बोनस, हे एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला नव्या पोराला शिकवण्यात जाणारे आठवडे, मिसळलेल्या हीटमुळे परत आलेला माल, दुप्पट मशिनिंग, हातचा गेलेला ग्राहक. मला वाटतं दुसरी बाजू जड निघेल. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, टिकून राहिलेला ऑपरेटर कुठेच दिसत नाही? त्याला आपण दिसता करू.

कारखानदार : कर. दुसऱ्या बाजूचे आकडे कुठून आणतेस?

सल्लागार : तुमच्या रिजेक्शनच्या नोंदींतून.

कारखानदार : त्या कोण टाकतं?

सल्लागार : सुपरवायझर. म्हणजे… त्याने नाही म्हटलं, ते.

कारखानदार : त्याने नाही म्हटल्यापासून परत आलेला सगळा माल ‘इतर’ या खात्यात जातो. महिन्याला एक आकडा, आणि तो मी टाकतो, अंदाजाने.

सल्लागार : मग तीन महिने मीच येऊन बसते तुमच्या गाळ्यात. रात्रपाळीलाही. नोंद माझ्या नावाने. माल परत आला तर ग्राहकाला माझं नाव सांगा.

कारखानदार : तू बसशील, आणि तुझ्या भीतीने तो पोरगा तीन महिने नीट पंच मारेल. मग आकडा येईल, तो तुझ्या हजेरीचा, त्याच्या कामाचा नव्हे. तरी ये. पण आधी सुपरवायझरशी बोलून घे, माझ्यासमोर नको. कुठल्या नोंदीवर स्वतःचं नाव लिहायला तो तयार होईल आणि त्या बदल्यात त्याला माझ्याकडून काय हवं आहे, ते त्याच्याकडूनच घे. जे मागेल ते मला परवडेल असं आज सांगत नाही.